बहरीनहून दोह्याला: पाऊण तासाच्या विमानासाठी अख्खा दिवस कसा आखावा

माझी धाकटी बहीण दोह्याला असते आणि मी बहरीनला. विमान धावपट्टीवरून उठल्यापासून पलीकडे टेकेपर्यंत अर्धा-पाऊण तास. हे ऐकून नवीन आलेली मंडळी एसटीला जावं तशी निघतात. खांद्याला एक पिशवी, हातात पासपोर्ट, पाकिटात चार दिनार. मग कुणी काउंटरवर अडकतं, कुणी कस्टममध्ये. अंतर कितीही कमी असलं तरी हद्द पुरती असते. दोन देश, दोन शिक्के, दोन चलनं आणि दोन ठिकाणचे कायदे. म्हणून दाराला कुलूप घातल्यापासून बहिणीच्या घराची बेल वाजेपर्यंत मी सहा तास धरते, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवत नाही.

गाडीने का जात नाही, असं हमखास विचारतात. जाता येतं, पण सौदीतून. १९८६ मध्ये खुला झालेला किंग फहद कॉजवे ओलांडायचा, म्हणजे बहरीनला सौदीशी जोडणारा पंचवीसेक किलोमीटरचा पूल. मग हफूफ करत सलवाच्या नाक्याला पोचायचं आणि पलीकडे अबू सम्राला कतारमध्ये शिरायचं. भारतीय पासपोर्ट असेल तर मध्ये सौदीच्या व्हिसाचंही बघावं लागतं. बहरीन आणि कतार यांना थेट जोडणाऱ्या पुलाची चर्चा मी इथे आल्यापासून ऐकते आहे. तो होईपर्यंत आपल्यासाठी विमानच.

या विमानाबद्दल मला इतकी आस्था का, तेही सांगते. ५ जून २०१७ ला बहरीन, सौदी, अमिराती आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि ही उड्डाणं बंद झाली. पुढच्या वर्षी माझ्या बहिणीचं बाळंतपण होतं. आई भारतातून दोह्याला पोचली होती. मी समोरच्या किनाऱ्यावर, आणि मला जायचं तर आधी मस्कत गाठायचं, तिथे रात्र बाकावर काढायची आणि मग उलटं वळून दोह्याला यायचं. मस्कत आणि दोहा यांच्या घड्याळात एका तासाचा फरक. बाळ जन्मलं तेव्हा मी मस्कतच्या विमानतळावर घड्याळ पुढे करावं की मागे याच विचारात होते. जानेवारी २०२१ मध्ये हा तंटा मिटवणारा अल-उलाचा करार झाला, तरी बहरीन आणि कतार यांच्यातली विमानं सुरू व्हायला २५ मे २०२३ उजाडावं लागलं. जवळजवळ सहा वर्षं. त्यामुळे हे पाऊण तासाचं तिकीट हातात आलं की मी ते नीट, सगळी कागदपत्रं जुळवूनच वापरते.

आधी कागद

आखातात प्रत्येक देशाच्या ओळखपत्राचं नाव वेगळं. आमच्याकडे सीपीआर, कतारला क्यूआयडी, ओमानला बताका, सौदीत इकामा. नवख्याचा घोटाळा इथेच होतो. आखाती देशांचे नागरिक एकमेकांच्या देशात नुसत्या ओळखपत्रावर ये-जा करतात. रांगेत पुढचा माणूस कार्ड दाखवून सटकन निघून जातो आणि आपल्याला वाटतं, आपल्याकडेही कार्ड आहेच की. आपण रहिवासी आहोत, नागरिक नाही. सीपीआर तुम्हाला बहरीनमध्ये परत घेतं, कतारमध्ये आत नेत नाही.

कतारमध्ये शिरायचे आपल्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, हय्या या कतार सरकारच्या पोर्टलवर आखातातल्या रहिवाशांसाठी जो परवाना आहे तो काढायचा. दुसरा, ऑगस्ट २०१७ पासून भारतीय पासपोर्टवर मिळणारा तीस दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश, पण त्याला अटी आहेत: पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत, परतीचं पक्कं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग. घरच्यांकडे उतरायचं असेल तर हॉटेल कशाला घ्यायचं? म्हणून मी पहिलाच रस्ता धरते. या अटी माझ्या डोळ्यांसमोर अनेकदा बदलल्या आहेत. तेव्हा गेल्या वर्षी मैत्रिणीने काय केलं ते न विचारता, तिकीट काढायच्या आदल्या संध्याकाळी हय्याच्या साइटवरची अट स्वतः वाचा. परवाना हातात आल्याशिवाय परत न होणारं स्वस्त तिकीट घेऊ नका.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर. आपल्या बायकांचा इथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, सीपीआरवर ते तुटलेलं, आणि तिकिटावर माहेरचं आडनाव. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचा. बहरीनच्या रेसिडेन्सीची मुदतही बघा. ती संपत आली असेल तर आधी कंपनीच्या मंदूबकडून, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाकडून, नूतनीकरण करून घ्या, बहिणीकडे मग जा. कर्जाचा हप्ता, घरभाडं किंवा फोनचं बिल यावरून कुणी कोर्टात गेलं असेल तर प्रवासबंदी लागलेली असू शकते. ती सरकारी पोर्टलवर आधी तपासता येते. पासपोर्टच्या खिडकीवर ती कळणं फार वाईट.

आणि सगळ्याची छापील प्रत घ्या. एकदा माझ्या फोनवर परवाना होता, तिकीट होतं, सगळं होतं. काउंटरवरच्या मुलीने परतीचं तिकीट मागितलं आणि फोनवर ते पान उघडेचना. पांढरा पडदा, मध्ये गोल गोल फिरणारं चाक. मागे रांग वाढत होती. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, बाजूला उभ्या राहा, मिळालं की या." मी बाजूला झाले. बोटं इतकी थरथरत होती की पासवर्ड तीनदा चुकला. काउंटर बंद व्हायला सात मिनिटं उरली तेव्हा ते पान उघडलं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये प्लास्टिकचं एक पारदर्शक पाकीट असतं: परवाना, जाण्या-येण्याचं तिकीट, बहिणीच्या क्यूआयडीची झेरॉक्स, तिचा पत्ता आणि फोन नंबर, सगळं कागदावर. वेब चेक-इन केलं असलं तरी व्हिसा बघायला काउंटरवर बोलावतातच. त्यामुळे फोनवर बोर्डिंग पास आला म्हणून उशिरा निघू नका.

बॅग भरताना

बॅगेबद्दल मी थोडं लांबवणार आहे, कारण आपल्या लोकांची खरी फजिती इथेच होते.

सगळ्यात पहिली गोष्ट, खसखस. आपल्याकडे ती स्वयंपाकघरातली, पण आखातात ती अफूची बी म्हणून अमली पदार्थांत मोजली जाते. पुडी छोटी होती, घरगुती होती, मला माहीत नव्हतं, यातलं काहीही तिथे चालत नाही. दिवाळीत बहिणीला अनारसे हवेच असतात. अनारसा खसखशीवर थापायचा हे आईने शिकवलेलं, हाताला तीच सवय. मी गेली कित्येक वर्षं ते पांढऱ्या तिळावर थापते. गुळात मुरलेल्या पिठाची गोळी तिळात हलकेच दाबायची, तीळ वर ठेवूनच तुपात सोडायची आणि उलटायची नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी तशीच पडते. चव थोडी वेगळी लागते, पण डबा निर्धास्त नेता येतो. नुसत्या सुट्या खसखशीचं बघून भागत नाही. भारतातून आलेल्या गोड्या मसाल्यात, कुर्म्याच्या तयार पाकिटात, करंजीच्या सारणात ती असते. पाकिटामागचे घटक वाचा. सासूबाईंनी घरी केलेला मसाला असेल तर त्यांना फोन करून विचारा. त्या रागावणार नाहीत.

लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत. तेल सुटलेलं लोणचं सुरक्षा तपासणीत द्रव धरलं जातं आणि हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. बरणीच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, त्यावर चिकटपट्टी, आणि सगळं एका जुन्या टॉवेलात. फक्त केबिन बॅगेचं स्वस्त तिकीट घेतलं असेल तर लोणचं घरी ठेवा. विमानतळावर बॅगेचे पैसे भरण्यापेक्षा दोह्यात विकत घेतलेलं परवडतं.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. डायबेटिस आणि बीपीच्या गोळ्यांची काळजी नाही, पण ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, प्रीगॅबॅलिन, झोपेच्या आणि अस्वस्थतेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, यांवर कतारमध्ये कडक नियंत्रण आहे. भारतात पाठदुखीला सहज लिहून दिलेली गोळी यातली निघू शकते. आपल्या गोळीचं कंपनीचं नाव नव्हे, आतल्या औषधाचं नाव वाचा. शंका असेल तर ती घेऊन निघू नका, आधी डॉक्टरांकडून पर्याय घ्या.

बहरीनमध्ये दारू मिळते, विमानतळाच्या ड्यूटी फ्रीमध्येही मिळते. त्यामुळे पाहुण्यांना भेट म्हणून बाटली घेणारे दिसतात. दोह्याला जाताना ती घ्यायची नाही. कतारमध्ये प्रवाशाला दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. ई-सिगारेटचंही तेच. तंबाखूची पुडी, गुटखा खिशात असेल तर तो बहरीनलाच कचऱ्याच्या डब्यात टाका.

सोनं हा आपल्या बायकांचा विषय. मनाम्याच्या गोल्ड सिटीतून घेतलेली बांगडी दोह्यातल्या भाचीसाठी न्यायची असेल तर पावती बरोबर ठेवा. रोख रक्कम, दागिने आणि मौल्यवान वस्तू मिळून पन्नास हजार कतारी रियालच्या वर जात असतील तर ते कस्टमला लिहून द्यावं लागतं. अंगावरच्या मंगळसूत्राला कुणी विचारत नाही. पण एखाद्या लग्नाला पूर्ण दागिने घेऊन निघालात तर हिशेब करा, आजच्या भावात तो आकडा लवकर गाठला जातो.

आणि दुसऱ्याचं पार्सल घेऊ नका. कुणाचंही. नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाल्याने मुंबईचं एक जोडपं दोह्याच्या विमानतळावर पकडलं गेलं होतं. ते निर्दोष ठरून सुटायला २०२१ साल उजाडलं. माझ्याकडे कुणी पार्सल घेऊन आलं की मी त्यांना बसवते, चहा देते आणि त्यांच्यासमोरच ते उघडते. उघडू द्यायचं नसेल तर ते त्यांनी परत न्यावं. यात वाईटपणा येतो. येऊ द्या.

निघायचा दिवस

दोन्हीकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी जाणारं आणि शनिवारी रात्री परतणारं विमान भरलेलं आणि महाग. जमत असेल तर शुक्रवारी सकाळी निघा. घड्याळ दोन्हीकडे तेच, भारताच्या अडीच तास मागे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं असतं. विमानं थांबतात. पाऊण तासाच्या प्रवासासाठी तीन तास गेटवर बसायची वेळ येऊ शकते. त्या महिन्यांत मी पहाटेचं विमान घेत नाही, आणि दोह्याहून पुढे भारताचं विमान पकडायचं असेल तर मध्ये चांगलं अंतर ठेवते.

बहरीनचा विमानतळ मुहर्रक बेटावर आहे. २०२१ च्या जानेवारीत सुरू झालेलं नवं टर्मिनल सुटसुटीत आहे, आत गेल्यावर फार चालावं लागत नाही. अडचण बाहेरची. मनाम्याहून मुहर्रकला जाणाऱ्या पुलांवर संध्याकाळी गाड्या खोळंबतात. विमानाच्या तीन तास आधी मी घर सोडते, दोन तास आधी काउंटरवर असते. पासपोर्ट आणि सीपीआर दोन्ही हाताशी ठेवा.

रमजानचा महिना असेल तर उजेड असेपर्यंत रांगेत उभं राहून पाणीसुद्धा पिऊ नये. दोन्ही देशांत ते पाळलं जातं. लहान मुलांना कुणी काही म्हणत नाही.

विमानात बसलात की लगेच काही खायला-प्यायला मागू नका, वेळच नसतो. कर्मचारी घाईने एक छोटा डबा नाहीतर रसाचं पाकीट हातात देतात. नळी टोचून दोन घोट घेतले की पट्टे बांधायची सूचना होते. मुलांना घरूनच खायला घालून आणा. चढणं आणि उतरणं एकाला एक लागून असल्याने सर्दी झालेल्या पोराच्या कानात जबर दडे बसतात. भाचा अडीच वर्षांचा असताना बहिणीबरोबर इकडून परत जात होता. चढताना त्याच्या तोंडात खडीसाखर होती आणि तो मजेत होता, उतरताना ती संपली होती आणि दार उघडेपर्यंत तो रडत राहिला. तेव्हा दोन खडे जास्त ठेवा. जमलं तर उजवीकडची खिडकी घ्या. आभाळ स्वच्छ असलं तर हिरव्या-निळ्या उथळ पाण्यात लांबवर हवार बेटं दिसतात. याच बेटांवरून दोन देशांचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. २००१ मध्ये हवार बहरीनकडे राहिली आणि समोरच्या किनाऱ्यावरचं जुबारा कतारकडे. वरून पाहिलं तर मध्ये जेमतेम पाण्याची रेघ दिसते.

दोह्यात उतरल्यावर

हमाद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला आणि तो अवाढव्य आहे. उतरल्यावर ट्रान्सफरच्या पाट्यांमागे जाऊ नका. बहुतेक प्रवासी तिकडे वळतात आणि नवखा माणूस गर्दीबरोबर वाहत जातो. अरायव्हल्सची पाटी धरा. पासपोर्टच्या खिडकीवर कुठे राहणार ते विचारतात. तिथे ती बहिणीच्या पत्त्याची चिठ्ठी उपयोगी पडते.

पैशांचं गणित डोक्यात पक्कं ठेवा: एक दिनार म्हणजे साधारण नऊ रियाल आणि वर दोन तृतीयांश. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली असल्याने हे प्रमाण फारसं हलत नाही. बहरीनचा दिनार हजार फिल्सचा, कतारी रियाल शंभर दिरहमांचा. वीस रियालची वस्तू बघून वीस दिनार मनात येतात आणि माणूस दचकतो. उलटं परत आल्यावर दोन दिनार म्हणजे काहीच नाही असं वाटून खर्च होतो. बदलून घ्यायचे तर गावातल्या एक्स्चेंजमध्ये. विमानतळावर फक्त टॅक्सीपुरते घ्या. कार्ड वापरणार असाल तर बहरीनच्या सिमवर रोमिंग सुरू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

टॅक्सीपेक्षा मला मेट्रो आवडते. सरकत्या पट्ट्यांच्या मार्गाने चालत गेलं की स्टेशन येतं. साध्या डब्यातला एक प्रवास दोन रियाल, दिवसभराचा पास सहा रियाल. बायका-मुलांसाठी फॅमिलीचा वेगळा डबा आहे, गोल्डच्या महागड्या डब्यात चुकून चढू नका. रेड लाइनने मशीरिबला उतरलं की तिथून बाकीच्या लाइन बदलता येतात. शुक्रवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा लवकरचं विमान असेल तर कर्वाची निळसर-हिरवी टॅक्सी. विमानतळावर तिचं मीटर पंचवीस रियालपासून सुरू होतं.

येताना मेट्रोत एक चूक टाळा. मी ती केली आहे. रेड लाइन दक्षिणेकडे उक्बा इब्न नाफी स्टेशनला दुभंगते, एक फाटा विमानतळाला जातो, दुसरा अल वकराला. फलाटावर दोन्ही गाड्या येतात. दारावरची पाटी वाचूनच चढा. मी गप्पांच्या नादात वकऱ्याच्या गाडीत बसले. बाहेर पाहिलं तर आम्ही उघड्यावरून चाललो होतो आणि विमानतळ दिसेना. परत उलटी गाडी धरून पोचेपर्यंत पाऊण तास गेला, म्हणजे विमानाच्या प्रवासाइतकाच वेळ.

परतीला हमादवर तीन तास आधी पोचा. तपासणीनंतर गेटपर्यंत बरंच चालणं आहे. मुलं बरोबर असतील तर तो सात मीटर उंचीचा पिवळा टेडी आणि २०२२ मध्ये उघडलेली आतली बाग दाखवायला अर्धा तास राखून ठेवा. पण आधी गेट कुठे आहे ते बघून या, मग मुलांना तिकडे न्या. बहरीनच्या विमानाला पुष्कळदा बसने नेतात आणि ते गेट लवकर बंद होतं.

बहिणीकडून येताना डबे रिकामे नेऊ नयेत म्हणून ती काही ना काही भरते. मी तिला आधीच सांगते, कोरडं भर, आणि काय भरलं आहेस ते मला दाखवून भर. ती चिडते, "ताई, मी काय परकी आहे का?" तरी मी झाकण उघडून बघते, एक चिवड्याचा घास तोंडात टाकते आणि मग डबा बॅगेत ठेवते. मुहर्रकला उतरले की आधी सीपीआर पर्समधून वर काढून ठेवते आणि रांगेत उभं राहायच्या आत तिला एका शब्दाचा निरोप टाकते: "पोचले."